ओडिसियस घरी आला, तेव्हा जात्यावर कोण होतं?

आज आपण एका ग्रीक महाकाव्याबद्दल बोलू या. त्याचं नाव ओडिसी. ते होमर या कवीच्या नावावर सांगितलं जातं. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीला किंवा सातव्या शतकात त्याला आजचं रूप आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे झाली सुमारे २७०० वर्षं. चोवीस सर्ग आहेत आणि बारा हजारांहून जास्त ओळी. पण पुस्तक उघडून वाचण्यासाठी हे काव्य जन्मलं नाही. गायकांनी ते म्हटलं आणि लोकांनी कानांनी ऐकलं. तेव्हा रेडिओवरून त्याची गोष्ट सांगणं त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

नावं परकी आहेत, पण तीनच लक्षात ठेवा. नवरा ओडिसियस, बायको पेनेलपी आणि मुलगा टेलेमॅकस.

गोष्ट थोडक्यात अशी. इथाका नावाच्या बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या लढाईला गेला. लढाई दहा वर्षं चालली. पोकळ लाकडी घोड्यात सैनिक लपवून शहरात शिरायचं, ही युक्ती त्याचीच. ट्रॉय पडलं. पण हा मात्र आणखी दहा वर्षं समुद्रावर भटकत राहिला. तो निघाला तेव्हा मुलगा तान्हा होता. पुढे नवरा मेलाच असं धरून १०८ तरुण सरदार वाड्यात येऊन ठाण मांडून बसले. आमच्यापैकी कुणाशी तरी लग्न कर, असा पेनेलपीला तगादा लावायचा आणि रोज तिच्याच घरची गुरं कापून खायची, असा त्यांचा उद्योग. शेवटी ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात परत येतो, त्या सगळ्यांना मारतो आणि वीस वर्षांनी नवराबायकोची भेट होते.

एवढीच ऐकली तर ही एका शूर राजाच्या परतीची गोष्ट वाटते. पण जरा थांबून ऐकलं, तर आणखी एक गोष्ट ऐकू येते. या काव्यातली माणसं मोठी होतात ती दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या अंगावर घ्यायला शिकल्यामुळे. आणि हे शिकणं नेमकं कुठे येऊन अडतं, तेही हेच काव्य दाखवतं. आज मला या दोन्ही बाजू सांगायच्या आहेत.

आधी ओडिसियसकडे पाहू. सुरुवातीचा ओडिसियस हुशार आहे, पण त्याला आपल्या हुशारीचा भारी गर्व. एका डोळ्याचा राक्षस पॉलिफिमस त्याला आणि त्याच्या माणसांना गुहेत कोंडतो. ओडिसियस आपलं नाव 'कोणी नाही' असं सांगतो. मग राक्षसाचा डोळा फोडतो. राक्षस ओरडतो, मला 'कोणी नाही' मारतंय! साहजिकच शेजारचे राक्षस मदतीला येत नाहीत. इथवर युक्ती फत्ते. पण जहाज सुटल्यावर ओडिसियसला राहवत नाही. सोबती नको नको म्हणत असताना तो आपलं खरं नाव, बापाचं नाव आणि गावसुद्धा ओरडून सांगतो. हा राक्षस समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. तो बापाला हाक मारून शाप देतो, की हा घरी पोचलाच तर उशिरा पोचो, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरीही त्याला संकटच भेटो. शाप अक्षरशः खरा होतो. बारा जहाजं घेऊन निघालेला माणूस एकटा उरतो.

पुढे तो कॅलिप्सो या देवतेच्या बेटावर सात वर्षं अडकतो. ती त्याला अमर करायला तयार आहे. पेनेलपी तुझ्याइतकी सुंदर नाही, हे तो कबूलही करतो. तरी रोज किनाऱ्यावर बसून रडतो, कारण त्याला घर हवंय. म्हातारपण आणि मरण कबूल, पण आपल्या माणसांत. नाव ओरडून सांगणारा माणूस आता अमरपण नाकारतो आहे.

पण खरा बदल दिसतो आठव्या सर्गात. ओडिसियस फिएशियन लोकांच्या राजाकडे पाहुणा आहे. तो कोण हे तिथे कुणाला ठाऊक नाही. दरबारचा आंधळा गायक डेमोडोकस ट्रॉयच्या पाडावाचं गाणं म्हणतो. म्हणजे ओडिसियसच्याच पराक्रमाचं गाणं. आणि ते ऐकून ओडिसियस रडायला लागतो. कवी इथे एक उपमा देतो. तो कसा रडला? तर एखाद्या बाईसारखा. तिचा नवरा आपल्या गावाला वाचवताना पडलाय, तिनं त्याच्या देहाला मिठी मारलीय, आणि मागून शत्रूचे सैनिक भाल्यांनी तिच्या पाठीवर मारत तिला गुलाम करायला ओढून नेताहेत. तिच्यासारखा तो रडला.

बघा, काय केलंय कवीनं. अशा बायका ट्रॉयमध्ये खरोखर होत्या. त्यांना विधवा करणाऱ्यांत हाच ओडिसियस होता. पुढच्याच सर्गात तो स्वतःच्या तोंडानं सांगतो, की ट्रॉयहून निघाल्यावर वाटेत आम्ही एक शहर लुटलं, पुरुष मारले आणि बायका वाटून घेतल्या. ते सांगताना त्याच्या आवाजात खंत नाही. पण आदल्या सर्गात कवीनं विजेत्याच्या डोळ्यांत हरलेल्या बाईचे अश्रू ठेवलेत. ओडिसियसला ते कळलंय की नाही, हे कवी सांगत नाही. ऐकणाऱ्याला मात्र कळतं.

आता पेनेलपी. तिला बहुतेक वेळा वाट बघणारी पतिव्रता म्हणून सांगितलं जातं. पण ती नुसती वाट बघत बसलेली नाही. तिनं सरदारांना सांगितलं, की सासऱ्यांसाठी कफन विणायला घेतलंय, ते पुरं होईपर्यंत लग्नाचं विचारू नका. सासरे लेअर्टीझ म्हातारे. एवढ्या इस्टेटीचा धनी कफनाशिवाय गेला तर चार बायका नावं ठेवतील, असं कारणही जोडलं. दिवसा ती विणायची आणि रात्री मशालीच्या उजेडात विणलेलं उसवायची. त्या काळचा ग्रीक माग उभा असे. वरच्या आडव्या दांड्यावरून धागे खाली सोडायचे आणि त्यांना मातीची किंवा दगडाची वजनं बांधायची. अशी वजनं ग्रीसमधल्या उत्खननांत भरपूर सापडली आहेत. बाई मागापुढे उभी राहून, या टोकाहून त्या टोकाला चालत विणायची. तीन वर्षं पेनेलपीनं हे दोन्ही बाजूंनी केलं, दिवसाचं आणि रात्रीचं. ज्यांच्या हाती शस्त्रं होती त्या १०८ जणांना तिनं धाग्यानं थोपवलं. चौथ्या वर्षी एका दासीनं चुगली केली, तेव्हा तिला ते वस्त्र पुरं करावं लागलं.

मुलाचं काय? पहिल्याच सर्गात एक प्रसंग आहे. वाड्यातला गायक फेमियस ट्रॉयहून परतणाऱ्यांच्या हालांचं गाणं म्हणतोय. पेनेलपी माडीवरून खाली येते आणि म्हणते, हे नको, दुसरं काही म्हण. त्यावर विशीतला टेलेमॅकस सगळ्यांदेखत आईला सांगतो, की तू वर जा, आपला माग आणि टकळी सांभाळ. बोलणं हे पुरुषांचं काम, त्यातही माझं. आई चकित होते आणि वर निघून जाते. मेरी बिअर्ड या इंग्लंडमधल्या इतिहासकार. त्यांनी २०१४ साली बायकांच्या सार्वजनिक बोलण्यावर व्याख्यान दिलं, त्याची सुरुवात याच प्रसंगानं केली. पाश्चात्त्य साहित्याच्या अगदी आरंभी एक मुलगा आईला गप्प बसवतो, आणि मोठं होणं म्हणजे हेच असं त्याला वाटतं, हा त्यांचा मुद्दा.

टेलेमॅकस पुढे शिकतो बरंच. वडिलांचा शोध घेत तो पायलॉस आणि स्पार्टाला जातो, जगाची रीत बघतो. परत आल्यावर, धनुष्याच्या स्पर्धेत, वडिलांचं धनुष्य तो चौथ्या खेपेला वाकवणारच असतो. पण वेश बदललेले वडील डोळ्यांनी खुणावतात आणि तो हात आवरतो. आपली ताकद दाखवायचा मोह टाळणं ही मोठी पायरी आहे. लढाईच्या ऐन मध्यात कोठाराचं दार उघडं राहतं आणि सरदारांच्या हाती शस्त्रं लागतात. तेव्हा तो लगेच म्हणतो, ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. त्याच्या वडिलांनीही इतक्या सरळपणे कधी चूक कबूल केली नव्हती.

मग येतो तेविसावा सर्ग, नवराबायकोच्या भेटीचा. सरदार मेलेत, ओडिसियस समोर बसलाय. पण पेनेलपी धावत जात नाही. ती दाईला म्हणते, यांचा पलंग खोलीबाहेर काढून त्यावर अंथरूण घाल. ओडिसियस भडकतो. तो पलंग हलेलच कसा? जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा बुंधा तासून त्यानं स्वतः पलंगाचा खांब केला होता, आणि भोवती खोली बांधली होती. हे गुपित घरातल्या मोजक्या माणसांनाच माहीत. पेनेलपीची खात्री पटते. साऱ्या जगाला फसवणाऱ्या माणसाला तिनं एका वाक्यात फसवलं आणि त्याच्या तोंडून खरं काढून घेतलं.

आणि इथे कवी पुन्हा उपमा देतो. जहाज फुटून समुद्रात पोहणाऱ्या माणसांना जमीन दिसावी, अंगावर मिठाचा थर घेऊन त्यांनी किनाऱ्यावर पाय टेकावा, तसं वाटलं. आपल्याला वाटतं हे ओडिसियसचं वर्णन, कारण समुद्रात तोच बुडत होता. पण वाक्य संपतं तेव्हा कळतं, की ही उपमा पेनेलपीची आहे. घरात बसून तीही वीस वर्षं पोहतच होती. आठव्या सर्गात तो विधवेसारखा रडला, तेविसाव्यात तिला खलाशासारखा किनारा लागला. दोघांनी एकमेकांचं दुःख अंगावर घेतलं. इतक्या जुन्या काळात पुरुष आणि बाई यांच्या मनाची अशी अदलाबदल कुणी मांडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मधल्या दोन सर्गांत जे घडलं, ते वगळून चालणार नाही.

विसाव्या सर्गात, कत्तलीच्या आदल्या रात्री, ओडिसियस जागा आहे. पहाटे त्याला एक आवाज येतो. वाड्यात दळणाला बारा बायका होत्या. अकरा जणींचं दळण संपलं, त्या झोपल्या. बारावी सगळ्यांत अशक्त, तिचं अजून उरलंय. तिचं जातं म्हणजे आपल्यासारखं गोल फिरणारं नव्हे. त्या काळच्या ग्रीसमध्ये पाटा-वरवंट्यासारख्या दगडावर, गुडघे टेकून, अंगाचा जोर लावून दळत. ती बाई हात थांबवते आणि देवाला म्हणते, ज्यांच्यासाठी पीठ दळून माझे गुडघे मोडले, त्यांचं हे शेवटचं जेवण होऊ दे. दळताना मनातलं बाहेर येतं, हे जात्यावरची ओवी माहीत असलेल्या आपल्याला सांगायला नको. ओडिसियसला तो शुभशकुन वाटतो, तो खूश होतो. त्या बाईचं नाव मात्र काव्यात नाही. पुढे तिचं काय झालं, तेही नाही.

मग बाविसावा सर्ग. सरदार मारून झाल्यावर ओडिसियस म्हाताऱ्या दाईला विचारतो, कोणत्या दासी फितूर होत्या? दाई सांगते, पन्नासांपैकी बारा. त्यांनी सरदारांशी संबंध ठेवले. यात सगळ्या अगदी निष्पाप होत्या असं काव्य म्हणत नाही. मेलँथो नावाच्या दासीला पेनेलपीनं मुलीसारखं वाढवलं होतं, तरी ती एका सरदाराला जाऊन मिळाली आणि भिकारी समजून ओडिसियसला टाकून बोलली. पण त्याच बाविसाव्या सर्गात, सरदारांसमोर उभं राहून त्यांचे गुन्हे मोजताना, ओडिसियस स्वतः म्हणतो, की माझ्या घरातल्या दासींवर तुम्ही जबरदस्ती केलीत. म्हणजे सरदारांचा न्याय करताना तो बलात्कार होता आणि दासींचा न्याय करताना तीच फितुरी झाली.

त्या बारा जणींना आधी प्रेतं बाहेर न्यायला लावतात, रक्ताने माखलेली मेजं पुसायला लावतात. तलवारीनं मारा, असा ओडिसियसचा हुकूम असतो. टेलेमॅकस म्हणतो, नाही, यांना इतकं स्वच्छ मरण नको. आणि जहाजाचा दोर ताणून तो त्यांना ओळीनं फाशी देतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या त्या लटकल्या, असं कवी सांगतो. पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही.

याच प्रसंगात आणखी एक माणूस आहे. गायक फेमियस. तोही रोज सरदारांपुढे गात होता. तो ओडिसियसचे पाय धरून म्हणतो, मी मनानं गायलो नाही, त्यांनी जबरदस्ती केली. टेलेमॅकस त्याची बाजू घेतो आणि त्याला जीवदान मिळतं. जबरदस्ती होती, हे कारण एका पुरुषाच्या बाबतीत ऐकून घेतलं गेलं. बारा बायकांना कुणी विचारलंच नाही. चूक आपली हे म्हणायला शिकलेला, हात आवरायला शिकलेला मुलगा इथे येऊन थांबला. त्याचं मोठं होणं दासींच्या दारापर्यंतच पोचलं.

कुणी म्हणेल, काव्यातल्या दासी त्या, खऱ्या थोड्याच होत्या? इथे इतिहास आपल्या मदतीला येतो. टेलेमॅकस ज्या पायलॉसला गेला, तिथे १९३९ साली कार्ल ब्लेगन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात एक राजवाडा आणि मातीच्या शेकडो पाट्या सापडल्या. इ.स.पू. १२००च्या सुमारास वाडा जळला, त्या आगीत कच्च्या पाट्या भाजल्या गेल्या म्हणून टिकल्या. त्यांवरची लिपी 'लिनिअर बी' म्हणून ओळखली जाते. ती कुणालाच वाचता येत नव्हती. ॲलिस कोबर या न्यूयॉर्कमधल्या प्राध्यापिकेनं वर्षानुवर्षं त्या खुणांची टिपणं केली. महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई, म्हणून जुनी शुभेच्छापत्रं कापून त्यांवर टिपणं लिहायची आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत नीट लावून ठेवायची. १९५० साली ती गेली. तिनं घातलेल्या पायावर पुढे काम करून मायकेल व्हेंट्रिसनं १९५२ साली लिपी उलगडली.

आणि त्या पाट्यांत काय निघालं? काव्य नाही, हिशेब निघाले. पायलॉसच्या पाट्यांत राजवाड्यासाठी राबणाऱ्या सातशेहून अधिक बायकांची आणि त्यांच्या शेकडो मुलांची नोंद आहे. दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या, लोकर विंचरणाऱ्या, न्हाणीघरातल्या. त्यांना किती गहू आणि किती अंजीर द्यायचे, ते लिहिलंय. काही गटांची ओळख त्यांच्या गावावरून दिली आहे, आणि ती गावं समुद्रापलीकडची आहेत. काही ठिकाणी 'पकडून आणलेल्या' अशा अर्थाचा शब्दही आहे. आठव्या सर्गातल्या उपमेतली, भाल्यांनी ढकलत नेलेली बाई शेवटी कुठे पोचली, ते या पाट्या सांगतात. या नोंदी होमरच्या आधी चारपाचशे वर्षांच्या आहेत. त्यांतही त्या बायकांची नावं नाहीत, आकडे आहेत.

आता शेवटचा मुद्दा, भाषेचा. फाशी देताना टेलेमॅकस त्या दासींना ग्रीकमध्ये जे म्हणतो, तो एक साधा स्त्रीलिंगी शब्द आहे. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे, 'त्या'. 'त्या' म्हटलं की बायका, हे आपल्याला कळतं. इंग्रजीत तसा शब्द नाही, म्हणून भाषांतरकारांना तिथे एखादं नाम घालावं लागलं. अनेकांनी त्या रिकाम्या जागी शिवी घातली. वेश्या, कुलटा, अशा अर्थाची. मूळ कवीनं न दिलेली शिवी आधुनिक पुरुषांनी दिली, आणि वाचणाऱ्यांना वाटलं, बरोबरच झालं की मग त्यांना मारलं ते. २०१७ साली एमिली विल्सन यांचं भाषांतर आलं. संपूर्ण ओडिसीचं बाईनं केलेलं ते पहिलं प्रकाशित इंग्रजी भाषांतर. त्यांनी ती शिवी काढून टाकली आणि दासींना मुली म्हटलं. जिथे आधीची भाषांतरं दासींना नोकर म्हणायची, तिथे त्यांनी बऱ्याचदा सरळ गुलाम हा शब्द वापरला. एक शब्द बदलला आणि फाशीचा प्रसंग ऐकताना अंगावर काटा आला. जो मुळातच यायला हवा होता.

मग हे काव्य टाकून द्यायचं का? मुळीच नाही. दळणाऱ्या बाईचे मोडलेले गुडघे याच काव्यानं टिपून ठेवलेत. हलणाऱ्या पायांकडे पाठ न फिरवता पाहिलं तेही याच काव्यानं. विजेत्याच्या डोळ्यांत विधवेचे अश्रू ठेवणारा कवी आपल्याला ऐकायला शिकवतो, आणि त्याच्या नायकांना जिथवर ऐकू आलं त्याच्या पुढचंही ऐकायची सोय करून ठेवतो. कोणतंही महाकाव्य मुलांना सांगताना राजा-राणीची गोष्ट जरूर सांगा. नायक कसा घडला तेही सांगा. पण त्याच्या घरी दळण कोण दळत होतं, हे विचारायला मुलांना शिकवा. त्या बाराव्या बाईचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. तिचा आवाज मात्र २७०० वर्षांनी इथवर आला आहे, आणि आज तो तुमच्या घरात पोचला.